दोन नंबरचं मॅगझिन

गेली पस्तीस वर्षं मी ही गोष्ट टाळत आलो. संधी मिळाली नाही असं म्हणता येणार नाही. छायाचित्रणाच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली. चित्रपट केले, मालिका केल्या, निवृत्त झाल्यावर दोन-चार सत्कारही झाले, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एखादा गमतीचा किस्सा सांगा म्हणायचंच. मी दोन नंबरच्या मॅगझिनचा किस्सा सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. त्या किश्शातला शेवटचा माणूस मात्र मी दर वेळी गाळायचो. त्याच माणसाला भेटायला मागच्या पौषात मी श्रीगोंदा तालुक्यात जाऊन आलो. दोन दिवसांचा प्रवास, पण तो सांगायचा तर आधी मॅगझिनबद्दल सांगायला हवं.

तेव्हा सगळं काम फिल्मवर चालायचं. कॅमेऱ्यावर एक काळी पेटी बसायची आणि तिच्यात फिल्मचं रीळ असायचं. त्या पेटीला मॅगझिन म्हणत. फिल्म महाग होती, निर्माता ती फूट मोजून द्यायचा. त्यात खेड्यात शूटिंग म्हटलं की सरपंच, सरपंचांचे साडू, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांना पडद्यावर यायचं असे. नाही म्हणावं तर दुसऱ्या दिवशी आम्हाला पाणी देणारी विहिरीवरची मोटार बंद. म्हणून आम्ही एक मॅगझिन कायम रिकामं ठेवायचो. मी माझ्या सहायकाला सांगायचो, "नंदू, दोन नंबरचं लाव." नंदू गंभीर चेहऱ्याने ते चढवायचा, मी चेअरमनच्या नाकापुढे लाईट मीटर धरायचो, क्लॅप वाजायचा, कॅमेरा घरघरायचा. आत काहीच नसे. चेअरमन खूश आणि मोटार चालू. पुढे मालिकेत ते दिसले नाहीत तर एडिटिंगमध्ये कापलं गेलं म्हणून सांगता यायचं. यात कुणाचं काही बिघडतं असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर एक फोन आला. आवाज म्हातारा, पण एकेक शब्द स्वच्छ. "साहेब, मी दानियेल गुरुजी. आपली मालिका आता मोबाईलवर बघायला मिळते. नातवाने लावून दिली. तेराही भाग पाहिले. एस्तेर काही दिसली नाही. माझी नजर आता अधू आहे, सुटली असेल. कितव्या भागात आहे तेवढं सांगाल का?"

मी म्हणालो, "गुरुजी, मीच येतो."

काष्टी

पंचाहत्तरी ओलांडली असल्यामुळे एसटीचा प्रवास मला फुकट आहे. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "बाबा, फोटो कुनी काडला ह्यो? वळकू यीना तुमी." जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे खुलवण्यात गेलेल्या माणसाने यावर काय बोलावं? शेजारच्या बाईही हसल्या.

दौंड मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला आणि नगर जिल्हा लागला. पूर्वी इथून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुसळं आणि बाभळी असायच्या, ऊस एखाद्या विहिरीच्या आसपासच. आता कालव्याच्या पाण्यावर नजर पोचेल तिथवर ऊस. तुरे आले होते. कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबट वास खिडकीतून आत आला आणि मला एकदम आमची ती जुनी मेटॅडोर आठवली. कॅमेऱ्याच्या पेट्यांवर बसून यायचो आम्ही. नंदू मांडीवर लेन्सची पेटी लेकरासारखी धरून बसायचा. रस्ता इतका खराब होता की पेटीला धक्का बसू नये म्हणून तो सबंध वाट अर्धवट उभाच असे. नंदू आता अमेरिकेत मुलाकडे असतो. निघण्याआधी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "दादा, एवढं कशाला मनाला लावून घेता? किती जणांना लावलं आपण दोन नंबरचं." मग जरा थांबून म्हणाला, "पण जाऊन या."

काष्टीला जनावरांचा बाजार भरला होता. बैलगाड्या गेल्या, आता टेम्पोतून जर्सी गाया उतरतात. विकणारा आणि घेणारा अजूनही उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात, हे पाहून बरं वाटलं. पूर्वी मी हा बाजार चित्रित केला होता. तेव्हा धुळीतून येणाऱ्या तिरप्या उन्हासाठी मी दोन तास थांबलो होतो आणि अख्खं युनिट मला शिव्या देत होतं. आता तेच ऊन पाहत चहाच्या टपरीवर उभा राहिलो, आणि माझी एसटी मला सोडून निघून गेली. पिशवी गाडीत. पिशवीत कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या. टपरीवाल्याने कुणाला तरी फोन केला, त्याने आणखी कुणाला. पंधरा मिनिटांत निरोप आला की पिशवी श्रीगोंद्याच्या स्टँडवर ठेवून घेतली आहे, उद्या घेऊन जा. पुण्यात मी ज्या सोसायटीत राहतो तिथे माझी पिशवी लिफ्टमध्ये राहिली असती तर ती कुणाची हे सांगायला चौकीदाराखेरीज कुणी मिळालं नसतं.

पुढचा प्रवास दुधाच्या टेम्पोतून केला. गावाचं नाव लिहीत नाही. तसं मला सांगितलेलं आहे.

फाट्यापासून गावापर्यंत

त्या गावात आम्ही मालिकेच्या शूटिंगसाठी बारा दिवस होतो. शाळा हवी होती, ती दानियेल गुरुजींनी मिळवून दिली. गुरुजी तिथलेच, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या पुण्या-मुंबईच्या नटांना गावाकडची भाषा बोलता यावी म्हणून संवाद त्यांच्याकडून घोटून घ्यायचे. एक शब्द चुकला तरी हात वर करून थांबवायचे, दिग्दर्शकालाही. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई शिवणकाम करायच्या. नटांचे कपडे उसवायचे, ढगळ व्हायचे, ते त्या शाळेच्या ओट्यावर बसून हातमशीनवर नीट करून द्यायच्या. ओट्याला लागूनच आमचा कॅमेरा. दिवसभर एकीकडे त्यांच्या मशीनचा आवाज आणि एकीकडे आमच्या. साऊंड घ्यायचा असला की मी हात दाखवायचो, त्या चाक धरून थांबायच्या. बारा दिवसांत एकदाही त्यांच्यामुळे टेक वाया गेला नाही. असं मी मोठमोठ्या नटांबद्दल सांगू शकणार नाही.

गुरुजींनी बारा दिवसांत काही मागितलं नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सामान बांधायच्या वेळी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एस्तेरला एकदा घ्याल का? फोटोत ती लाकडासारखी बसते. ती नाहीच वाटत. काम करताना हलते ना, तशी हवी."

माझ्याजवळ फिल्म होती. हेच मी कधी कुणाला सांगितलं नाही. शंभर फूट उरली होती, म्हणजे अडीच मिनिटांहून थोडी जास्त. पण पश्चिमेला सूर्य उसाच्या तुऱ्यांमागे उतरत होता, आणि तुऱ्यांच्या कडा सोन्यासारख्या पेटल्या की मला ते टिपायचं होतं. पटकथेत तो शॉट नव्हता. माझी हौस होती. मी नंदूला म्हणालो, "दोन नंबरचं लाव." नंदूने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी चुकून बोललो. मी मान हलवली.

गुरुजींनाही काहीतरी काम द्यावं म्हणून मी त्यांच्या हातात चंदेरी रिफ्लेक्टर दिला. ऊन परतवून बायकोच्या चेहऱ्यावर टाकत ते ताठ उभे राहिले, हलले नाहीत. अडीच मिनिटं कॅमेरा घरघरला. मग मी कट म्हणालो, नंदूने खरं मॅगझिन लावलं आणि मी धावत जाऊन उसाचे तुरे घेतले. ते मालिकेत आलेच नाहीत. दिग्दर्शकाने पहिल्याच पाहणीत काढून टाकले.

त्यानंतर दर नाताळला गुरुजींचं पोस्टकार्ड यायचं. शुभेच्छा, गावाची खबर, आणि शेवटी एक ओळ एस्तेरच्या रिळाबद्दल. पहिल्या वर्षी मी लिहिलं, लॅबमध्ये आहे. दुसऱ्या वर्षीच्या पत्रात होतं की एस्तेर गेली, तिच्या हृदयाची झडप पहिल्यापासून खराब होती, आणि आता ते रीळ मिळालं तर फार बरं होईल. तेव्हा खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, शोधतो आहे. पुढे पुढे मी उत्तर देणंच सोडलं. पत्रं येत राहिली, मग तीही थांबली.

टेम्पो फाट्यावर थांबला तेव्हा एक पन्नाशीची बाई अंगणवाडीला कुलूप लावत उभी होती. टेम्पोवाल्याने ओरडून सांगितलं, "शीलाताई, तुमचं पावनं आनलं बगा." गुरुजींची मुलगी. शूटिंगच्या वेळी आठवी-नववीत असेल, आईच्या दोऱ्यांची रिळं सांभाळायची. तिथले ख्रिस्ती लोक भेटल्यावर सलाम म्हणतात. तिने सलाम केला, माझ्या हातांकडे पाहिलं, पिशवी नाही हे बघितलं आणि म्हणाली, "पस्तीस वर्षं रीळ शोधताय म्हनं. घावलं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता, पण चौकशीही नव्हती. मला तिथेच रस्त्यात कळलं की हिला माहीत आहे. मी तिला सगळं सांगितलं. फिल्म होती हेही सांगितलं. घर अर्ध्या मैलावर होतं, आणि तेवढ्या वाटेत माझं सांगून झालं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग ती म्हणाली, "आईला त्याच दिवशी कळलं हुतं." एस्तेरबाई बारा दिवस कॅमेऱ्याशेजारी बसल्या होत्या. तो भरलेला कसा वाजतो हे त्यांच्या कानात पक्कं बसलं होतं. घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "खाली कापड नसलं की मशीन मोकळी पळती ना, तसा आवाज हुता आज. रिकामी हुती ती. बाबास्नी सांगू नगंस. लई खूश हायेत."

मी विचारलं, मग त्या उठून का नाही गेल्या?

"बाबा समोर उजेड धरून उभे हुते," शीला म्हणाली. "उठंल कशी?"

घर दिसायला लागलं तशी ती थांबली. मी म्हणालो, "गुरुजींना सांगायलाच आलोय मी."

"सांगू नका."

"शीला, त्यांना कळायला हवं."

"तुमी सांगून मोकळं व्हाल आन उद्याच्या एसटीत बसाल. मग त्यांच्यापाशी कोन हाय? मीच ना? रोज राती प्रार्थना झाली की म्हनत्यात, एस्तेर कुठंतरी हाय, डब्यात हाय, पर हाय. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं झाल्यात. आता ती न्हाईच म्हनून सांगनार व्हय तुमी?"

ती पुढे चालू लागली, मी तिच्या मागे.

गुरुजींच्या घरी

गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. कृश झाले होते, पण दाढी गुळगुळीत आणि सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही. माझी पिशवी एसटीतून गेल्याचं कळल्यावर खूप हसले. म्हणाले, "तुम्ही उजेड बघत उभे राहिला असाल." त्यांनी मला नेमकं ओळखलं होतं.

त्यांचंच धोतर आणि सदरा घालून मी जेवायला बसलो. शीलाने हुलग्याचे शेंगोळे केले होते. शूटिंगच्या वेळी एस्तेरबाईंनी एकदा सगळ्या युनिटला शेंगोळे करून घातले होते, पण मुंबईच्या नायिकेने ते बाजूला सारले आणि नंदूने तिच्याही वाटणीचे खाल्ले. ते आठवून गुरुजी पुन्हा हसले. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. तीत अन्नासाठी आभार होते, पाहुण्यासाठी होते, आणि पाहुण्याची पिशवी सुखरूप असल्याबद्दलही होते. माझ्या घरी हल्ली टीव्हीसमोर ताट घेऊन जेवतात. मीही.

रिळाबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पाहुण्याला आल्याआल्या कामाचं विचारू नये, ही त्यांची जुनी शिस्त.

दुसरा दिवस

सकाळी उन्हं वर आल्यावर ते काठी टेकत मला गाव दाखवायला निघाले. शीला मागून चालत होती. अंगणवाडीतून तिने सुट्टी घेतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा ती का आली आहे हे मला कळलं.

शाळेची जुनी इमारत पाडून दुमजली बांधली आहे. ओटा नाही. गुरुजींनी काठीने जमिनीवर जागा दाखवली. इथे ती बसायची, इथे तुमचा कॅमेरा. त्यांचं बरोबर होतं. मला उन्हाच्या दिशेवरून कळलं. तिथे आता पोरांच्या सायकली लावतात. कधी काळी मी इथे दगड ठेवून नटांना उभं राहायच्या खुणा करून दिल्या होत्या, आणि गुरुजी म्हणाले होते की शाळेत मुलांनाही असंच उभं करावं लागतं. मालिकेतले कितीतरी संवाद त्यांना अजून पाठ होते. दोन-तीन त्यांनी म्हणून दाखवले, आणि नटाने कुठे चूक केली होती तेही सांगितलं.

तिथून कबरस्तानात गेलो. एस्तेरबाईंची कबर साधी आहे. सिमेंटवर नाव आणि छोटा क्रूस. शीलाने वाळलेली पानं झाडली. गुरुजी कडेच्या दगडावर बसले, मलाही बसवलं, आणि मग त्यांनी विचारलं. कितव्या भागात, असं नाही.

"साहेब, ती मालिकेत नाहीये ना?"

शीला पानं झाडताना थांबली.

"नाही, गुरुजी," मी म्हणालो. "मालिकेत नाही."

"मला वाटलंच होतं. आणि रीळही आता सापडायचं नाही. इतकी वर्षं झाली, फिल्म खराब होते म्हणतात." त्यांनी हाताने तो विषय बाजूला सारला. "मी तुम्हाला त्यासाठी बोलावलं नाही. मी त्या दिवशी रिफ्लेक्टर धरून बाजूला होतो. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं. मला ती नीट दिसलीच नाही. समोरून, त्या काचेतून, तिला पाहिलेला माणूस जगात एकच. तुम्ही. कशी दिसत होती?"

सांगून टाकायला यापेक्षा सरळ जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. शीलाकडे मी पाहिलं नाही. मी गुरुजींकडे पाहत होतो. ते पुढे झुकले होते, अधू डोळे माझ्या तोंडावर रोखून, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकायला बसावं तसे.

रिकामा कॅमेरा चालवताना डोळा काचेला लावायची गरज नसते. चेअरमन लोकांच्या वेळी मी लावतही नसे. पण त्या संध्याकाळी सवयीने लावला होता. पाऊण मिनिटभर. मग मला सूर्य बघायचा होता म्हणून काढला. त्या पाऊण मिनिटापलीकडचं मला काही माहीत नाही, आणि निदान तेवढं तरी मी खोटं मिसळल्याशिवाय सांगायचं ठरवलं.

मी म्हणालो, "गडद जांभळं लुगडं होतं. डाव्या हाताने कापड सरकवत होत्या, उजव्या हाताने चाक. तुम्ही टाकलेला उजेड डाव्या गालावर आणि कानातल्या फुलावर होता. दोरा तुटला, तो त्यांनी दातांनी कातरला, एक डोळा मिटून पुन्हा ओवला. परत शिवायला लागल्या. मग चाक धरून थांबल्या, काहीतरी ऐकल्यासारख्या. मान वर करून सरळ लेन्समध्ये पाहिलं. तुमच्याकडे पाहिलं. पुन्हा लेन्समध्ये. जरासं हसल्या, आणि खाली मान घालून परत शिवायला लागल्या."

त्या थांबण्याचा अर्थ मला आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हता. पस्तीस वर्षं मी समजत होतो की बाई कॅमेऱ्याला लाजली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. म्हणाले, "माझ्याकडे पाहिलं?"

"हो."

"तशीच होती ती," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही आलात." मग त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. कानातल्या फुलापाशी मला थांबवलं आणि कुठल्या कानात ते विचारलं.

दुपारी फाट्यावर सोडायला शीला आली. श्रीगोंद्याहून पिशवी घेण्यासाठी कुणाकडे जायचं ते तिने कागदावर लिहून दिलं. एसटी दिसायला लागल्यावर म्हणाली, "बाबा हायेत तवर हे कुठं लिवू नका. गावाचं नावबी नको." मी बरं म्हणालो. मला क्षमा केली की नाही हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चैत्रात तिचा फोन आला. गुरुजी गेले, झोपेतच. शेवटचे दोन महिने येईल त्याला कानातल्या फुलाची गोष्ट सांगायचे, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "आता लिवा."

त्या सकाळी कबरेजवळ मी जे बोललो त्यातला शब्दही खोटा नव्हता, आणि तरी मी गुरुजींना शेवटचं एकदा फसवूनच परतलो. जे सांगायला गेलो होतो ते वाक्य काष्टीपासून माझ्या तोंडात तयार होतं. आता ते ऐकणारं कुणी उरलेलं नाही. ते असं होतं: गुरुजी, एस्तेरबाई, त्या दिवशी कॅमेरा रिकामा होता. फिल्म माझ्याजवळ होती आणि ती मी तुम्हाला दिली नाही. मला माफ करा.